वाळलेली पात

जालन्यातल्या एका प्रयोगशाळेत मी बाटल्यांमध्ये रोपं वाढवते. केळीवर हात बसला होता, बरं चाललं होतं. तेवढ्यात साहेबांनी रानलसूण गळ्यात मारला. दूरच्या डोंगरातून त्याचे सहा गड्डे आले होते. "तिथे आता एकही सापडत नाही, हे शेवटचे समजा," असं म्हणून त्यांनी ते माझ्या हाती दिले. सहाही गड्डे कापून मी तुकडे बाटल्यांतल्या जेलीत लावले.

लसूण मोठा हट्टी निघाला. मातीतली बुरशी त्याची पाठ सोडेना. रोज सकाळी बाटली उजेडासमोर धरायची, पांढरी तार दिसली की ती बाद. तीन वर्षांत चाळीस बाटल्या तगल्या. माझी मान आणि डोळे कामातून गेले ते वेगळंच.

मागच्या उन्हाळ्यात बाटल्यांच्या खोलीचा एसी बंद पडला. मेकॅनिक "उद्या येतो" म्हणत राहिला आणि खोली तव्यासारखी तापली. पात पिवळी पडली, मग वाळली. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. मेलेल्या बाटल्या धुण्याआधी मोठ्या कुकरमध्ये वाफवायच्या, असा आमच्याकडे नियम आहे. एखादी उघडून बघण्याचंही त्राण नव्हतं. चाळीसही बाटल्या आत ठेवल्या आणि बटण दाबलं.

झाकण उघडलं तर खोलीभर लसणाचा वास.

बाटल्या धुणाऱ्या मावशी हसनाबादच्या, शेतकरी घरातल्या. त्यांनी एक बाटली तळहातावर उपडी केली. वितळलेल्या जेलीबरोबर गव्हाच्या दाण्याएवढे तीन-चार गड्डे बाहेर आले. पार शिजलेले.

"मॅडम, पात वाळली म्हंजी लसूण काढायला आला ना?"

वाटूरला आमच्या वावरात दरवर्षी लसूण असायचा. पात वाळली की काढणी, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. शिकली तितकी हुकली म्हणतात, ते माझ्यासाठीच. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

माझं तोंड बघून मावशी समजुतीनं म्हणाल्या, "जाऊ द्या. बियाला तर ठिवला आसंल की थोडा."

"न्हाई ठिवला, मावशी," मी म्हणाले.