गालावरचा गुलाल

"पोरगा छान आहे," कुसुमकाकू स्क्रीनकडे पाहत म्हणाल्या, "पण हा माझ्या घरी काहून येऊन राहिला?"

आमच्या वर्कशॉपचे मालक विनोद भैया खाली पाहून हसले. एआयची कल्पना त्यांचीच होती. "फोटो छोटी है तो एआय में डालो, दो मिनट का काम है." मी काकूंच्या यजमानांचा, म्हणजे काकांचा, टाकला. फोटो मोठा आणि स्वच्छ झाला. पण काकांचा पुढचा तुटका दात पूर्ण झाला, सुरकुत्या गेल्या, आणि वारलेले काका विम्याच्या जाहिरातीतल्या जावयासारखे दिसायला लागले.

जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीत आमचं सीएनसी राउटरचं काम चालतं. कॉम्प्युटर सांगेल तसं लाकूड कोरणारं हे मशीन. त्याच्या फाइली मी बनवतो. पांढुर्ण्याच्या शाळेतून इथे येऊन डिग्री घेतली, आमच्या घरातली पहिलीच. मला पहिल्यांदा मशीनला हात लावू दिला तो विनोद भैयांनी. म्हणून त्यांचा शब्द मी सहसा मोडत नाही. पण हा फोटो मी डिलीट केला.

काका डिफेन्स फॅक्टरीत होते. सगळं आयुष्य क्वार्टरमध्ये गेलं. रिटायर झाल्यावर स्वतःचं घर बांधायला काढलं, दारासाठी एक जुनी सागवानी फळी आणून ठेवली, आणि घर पूर्ण व्हायच्या आत गेले. वास्तुशांतीच्या दिवशी त्याच फळीवर कोरलेला त्यांचा चेहरा दारातून आत येताच समोर दिसावा, एवढंच काकूंचं मागणं होतं. फळी एकच होती. मशीनने काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही.

फोटोही त्यांना एकच चालणार होता. रिटायरमेंटच्या दिवशी सोबत्यांनी हार घालून, गुलाल लावून, वाजतगाजत घरी पोचवलं तेव्हाचा. व्हॉट्सअॅपवर फिरून फिरून तो अगदी बारीक झाला होता.

"आधार कार्डाचा फोटो असेल ना, काकू?"

"त्यात ते चोरावाणी दिसतात. यात हसून राहिले."

मग मी मूळ फोटो घेऊन पुन्हा सुरुवात केली. मशीनला चेहरा कळत नाही. त्याला फक्त काळं आणि पांढरं कळतं. जितकं पांढरं तितकं उंच, जितकं काळं तितकं खोल. लहान फोटो ताणला की त्यात चौकोन दिसतात, आणि मशीन ते चौकोनसुद्धा इमानदारीने कोरतं. म्हणून आधी चौकोन मऊ केले. मग माउसने एकेक भागाची उंची रंगवली. नाक सगळ्यांत पांढरं, डोळ्यांचे कोपरे गडद. दात पांढरे असल्यामुळे ओठांच्या बाहेर येत होते, ते मागे ढकलले. तुटका दात तुटकाच ठेवला. हाराच्या पाकळ्या आमच्या कटरच्या टोकापेक्षा बारीक होत्या, म्हणून प्रत्येक फुलाचा साधा गोळा केला.

सागवानाला हात लावण्याआधी एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या स्वस्त फळीच्या, तुकड्यावर ट्रायल घेतली. गालावर आणि कपाळावर खड्डे पडले. लाल गुलाल काळ्या-पांढऱ्यात गडद झाला होता, आणि गडद म्हणजे खोल.

"अरे, ये तो माता निकली हुई लग रही है," भैया म्हणाले. देवी आल्यासारखाच चेहरा दिसत होता.

मी गाल आणि कपाळ भरून गुळगुळीत केलं आणि काकूंना बोलावलं.

त्यांनी स्क्रीनवरच्या तुटक्या दातावर बोट ठेवलं. "हां. हेच ते." मग बोट गालावर सरकलं. "गुलाल कुठं गेला?"

मी खड्ड्यांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"होळीला ते आतून कडी लावून बसत, बाबू. माझ्या हातूनही कधी लावून घेतला नाही. त्या दिवशी फॅक्टरीच्या गेटवर सगळ्यांनी धरलं, अन् असे हसत घरी आले. दारातच मला म्हणे, आता तूही लाव. मी म्हटलं, आधी तोंड धुवा, पाहुणे आले आहेत." त्यांनी पदर सारखा केला. "ते धुऊन आले. मग राहूनच गेलं."

खोल कोरलं तर खड्डा, उंच ठेवलं तर सूज. लाकडात गुलाल कोरता येत नाही. समोर सीलरचा डबा होता. पॉलिशच्या आधी सीलर मारतात, त्याने लाकडाची छिद्रं बंद होतात आणि वरून रंग धरत नाही. जिथे सीलर नाही, तिथे धरतो.

"काकू, मशीनला गुलाल जमणार नाही. तेवढा गाल अन् कपाळ मी कोरं ठेवतो. तुम्ही लावाल? मात्र ती जागा मळेल."

"मळू दे."

भैयांना पटलं नाही. "बिना पॉलिश का माल बाहर जाएगा तो नाम हमारा खराब होगा." मग काकूंकडे पाहिलं, आणि स्वतःच मास्किंग टेप आणून दिली. "चलो, ठीक से ढकना. किनारा साफ आना चाहिए."

सागवान कोरलं जात होतं तोवर मी मशीनपासून हललो नाही. चेहरा नीट उतरला.

वास्तुशांतीला भैया आणि मी दोघेही गेलो. पूजा झाल्यावर काकूंनी चिमूटभर गुलाल घेतला. आधी कपाळ, मग गाल. अंगठ्याने दाबून चोळला. रंग सागवानाच्या रेषांत उतरला आणि तिथेच थांबला.

"आता तोंड धुऊ नका," त्या फळीला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भैयांना विचारून मी ऑर्डर घेतानाच्या प्रश्नांत एक वाढवला. साइज काय, लाकूड कोणतं, पॉलिश कसं, हे आम्ही विचारायचोच. आता फोटो साफ करायच्या आधी हेही विचारतो, की यातलं काय काढायचं नाही.