विनोदी उखाण्याचं पहिलं बक्षीस

कार्यक्रमात कुणी काही चुकीचं बोललं, की शरयूताई कर्णिक हात वर करून उभ्या राहायच्या. “एक दुरुस्ती आहे,” म्हणायच्या, आणि दुरुस्ती झाल्याशिवाय खाली बसायच्या नाहीत. समोर प्रमुख पाहुणा असो, नाहीतर मंडळाला दरवर्षी देणगी देणारा शेठ असो. एकदा एका वक्त्याने “आपण परदेशात राहून संस्कृती जपतो” असं छातीठोकपणे सांगितलं, तर यांचा हात वर. “एक दुरुस्ती आहे. आपण परदेशात राहून नोकरी जपतो. संस्कृती सुट्टीच्या दिवशी.” हॉलमध्ये हशा पिकला आणि सूत्रसंचालन करणारी मी माइक हातात धरून घामाघूम झाले. आमच्या दुबईच्या मंडळात सूत्रसंचालनाचा मक्ता माझ्याकडे होता, आणि शरयूताईंची मला खरोखर धास्ती होती.

त्या ऊद मेथा भागातल्या एका भारतीय शाळेत फिजिक्स शिकवत. उंच, काटक, कडक इस्त्रीचा कॉटनचा सलवार-कमीज आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. माझी मैथिली त्यांच्या वर्गात होती. आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, त्यामुळे त्या मला एकेरीत अंजली म्हणत आणि हक्काने दम देत. “कुणी विचारल्याशिवाय मी सांगत नाही, आणि विचारल्यावर सोडत नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलांना ते वर्गातल्या प्रश्नांबद्दल वाटायचं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

मंदी आली त्या वर्षी हेमाताई त्यांच्याकडे राहायला आल्या. गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या, अर्ध्या वाक्यात अमेरिका आणि अर्ध्यात नाशिक. अमेरिकेत सरकारी इस्पितळात नर्स होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. दोघी नाशिकला एकाच गल्लीत वाढल्या एवढं कळलं, आणि बाकीचं बिल्डिंगने स्वतःच ठरवून टाकलं. कुणी म्हणालं मावसबहिणी, कुणी म्हणालं आतेबहिणी. शरयूताईंना कुणी विचारलं नाही, त्यामुळे त्यांनी सांगितलं नाही. हेमाताईंना इथला रेसिडेन्स व्हिसा मिळत नव्हता. मग दर महिन्याला दोघी गाडी काढून ओमानच्या सीमेपर्यंत जायच्या, पासपोर्टवर पाहुणीचा नवा शिक्का मारून परत यायच्या. डब्यात थालीपीठं असायची. आम्हाला ती त्यांची सहल वाटायची आणि हेवाही वाटायचा.

पुढच्या जानेवारीत मंडळाचं हळदीकुंकू होतं. निम्म्या घरांत नवऱ्यांच्या नोकऱ्या डळमळत होत्या, माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, तर कामावरून कमी केल्याचं पत्र आलंच होतं. म्हणून मी ठरवलं की यंदा सगळ्यांना हसवायचं, विनोदी उखाण्यांची स्पर्धा घ्यायची. बायकांनी नवऱ्यांची यथेच्छ टिंगल केली. शेवटी मला चेव आला. मी माइक घेऊन थेट शरयूताईंपाशी गेले. “आमच्या कर्णिक मॅडमही घेतील आता एक उखाणा! कुणाचं का असेना, नाव हवंच!” अविवाहित बाईची अशी चेष्टा करणं मला तेव्हा अगदी खेळीमेळीचं वाटलं होतं.

त्या उठल्या. माझ्या हातातून माइक घेतला. शेजारी हेमाताई बसल्या होत्या, त्यांनी शरयूताईंची ओढणी धरून खाली ओढली. शरयूताईंनी ती हलकेच सोडवून घेतली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“वाळवंटात खजुराला लगडले घोस,
हेमाचं नाव घेण्याचा कधीचा होता सोस.”

आणि मग जो काही हशा उसळला! बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. कुणीतरी शिट्टीही मारली. परीक्षकांनी एकमताने पहिलं बक्षीस दिलं, मोठा हॉटपॉट. शरयूताईंनी हात वर केला. “एक दुरुस्ती आहे. उखाणा विनोदी नाही.” त्यावर तर हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. हेमाताई मात्र हसत नव्हत्या. त्या शरयूताईंकडे बघत होत्या, आणि नव्या नवरीसारख्या लाजल्या होत्या. टॅक्सीत मैथिली मला म्हणाली, “आई, दॅट वॉज नॉट अ जोक, यू नो.” मी तिला गप्प बसवलं.

वर्ष सरायच्या आत हेमाताई गेल्या. हृदयविकाराचा झटका, इस्पितळात पोचेपर्यंत खलास. आम्ही सगळे भेटायला गेलो, बहीण गेल्यावर बोलतात ते बोललो. शरयूताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी कुणाला उत्तर दिलं नाही, पाणीही विचारलं नाही. बायका खाली उतरताना म्हणाल्या, किती तुसडी बाई आहे.

मग अमेरिकेतून पत्रं येऊ लागली, वकिलांचे फोन येऊ लागले. एके दिवशी लिफ्टमध्ये मी विचारलं, “शरयूताई, कसली हो केस चाललीय तुमची?”

“माझ्या बायकोच्या पेन्शनची,” त्या म्हणाल्या. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, बंद झालं, आणि आम्ही दोघी पुन्हा खाली गेलो.

सगळं त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. मंदीच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या बॉस्टनला गेल्या आणि दोघींनी रीतसर लग्न केलं. तिथल्या राज्याचा कायदा ते लग्न मानत होता. निवृत्त होताना हेमाताईंनी पेन्शनसाठी पत्नी म्हणून शरयूताईंचं नाव लिहिलं होतं. पण पेन्शन देणारं सरकार केंद्राचं, आणि केंद्राच्या लेखी लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक बाई, संपलं. तिकडच्या आणखी काही जोडप्यांनी सरकारला कोर्टात खेचलं होतं. शरयूताईंनीही वकील गाठून स्वतंत्र दावा लावला होता.

सरकारने त्यांना एक पळवाट देऊ केली. मैत्रीण म्हणून अर्ज करा, हेमाताईंच्या खात्यातली रक्कम एकदम देऊ, दावा सोडा. तेव्हा शाळेने पगार कापले होते, शिकवण्या आटल्या होत्या. शरयूताईंना आमच्या बिल्डिंगमधला फ्लॅट परवडेना, त्या देरा या जुन्या वस्तीत एका भाड्याच्या खोलीत राहायला गेल्या. स्वयंपाकघर सामायिक, बाथरूम सामायिक. मी म्हटलं, “घ्या ना ते पैसे. तुमचेच आहेत. कोण बघतंय काय लिहिलंय ते?”

“मी बघतेय. मैत्रिणीचे पैसे मैत्रिणीला द्या म्हणावं. मी बायको आहे.”

“पण ताई, अशाने हातचं जाईल सगळं.”

“जाऊ दे. मला पैसे नकोत असं नाही अंजली, चांगले हवेत. पण माझं नातं विकून नकोत.”

पुढे सरकारी वकिलाने नवीनच शंका काढली. म्हणे, हे लग्न नुसतं पेन्शनसाठी केलेलं आहे. दुबईत या दोघींना कुणीही जोडपं म्हणून ओळखत नव्हतं. सगळे यांना बहिणी समजत होते. आता जिथे असं नातं उघड झालं तर तुरुंग, तिथे काय पाटी लावून राहायचं होतं का? मला एवढा संताप आला की मी शरयूताईंच्या खोलीत जाऊन मोठमोठ्याने भांडले, जणू तो वकील तिथेच बसला होता. आणि भांडता भांडता मला तो हॉल आठवला, तो माइक.

“ताई, तुम्ही सांगितलं होतंत! दोनशे बायकांसमोर!”

“हो. आणि तुम्ही हॉटपॉट दिलात.”

मी साक्ष लिहून द्यायचं ठरवलं. श्रीकांतला नुकतीच शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, एका वर्कशॉपमध्ये नोकरी लागली होती. तो घाबरला आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. “अगं, व्हिसा जाईल. तुझी सही, तुझं नाव, कुणाच्या हाती पडलं तर?” मी शरयूताईंना तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, “घाबरली असशील तर नको करूस सही. मी तोंड फिरवणार नाही. पण करणार असशील तर नीट लिही, मैथिलीचे निबंध लिहून द्यायचीस तसलं नको.”

मी नीट लिहिलं. आमच्याकडे उखाण्यात बाई एकच नाव घेते, आणि ते कुणाचं असतं, हे त्या अमेरिकन कोर्टाला समजावून सांगितलं. चारचौघांत, मोठ्याने, देवाधर्माच्या प्रसंगी घेते, हेही लिहिलं. शरयूताईंनी हेमाताईंचं नाव घेतलं तेव्हा माइक माझाच होता, आम्ही हसलो हा मूर्खपणा आमचा, आणि उखाणा विनोदी नाही असं त्यांनी तिथल्या तिथे बजावलं होतं. खाली पूर्ण नाव घालून सही केली. श्रीकांतने कागद वाचला आणि म्हणाला, “मूर्खपणाच्या आधी ‘निव्वळ’ घाल.”

त्यानंतरही खूप थांबावं लागलं. अखेर तिकडच्या सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचा तो कायदाच मोडीत काढला, आणि इतरांबरोबर शरयूताईंचाही मार्ग मोकळा झाला. पेन्शन कार्यालयातून फोन आला तेव्हा मी देराच्या खोलीत त्यांच्या शेजारीच बसले होते. डिसेंबर होता, दुबईत खिडक्या उघड्या ठेवायचे दिवस. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडच्या बाईने नाव, जन्मतारीख विचारली. मग विचारलं, मृत व्यक्तीशी आपलं नातं?

“वाइफ,” शरयूताई म्हणाल्या. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात.

“येस मॅडम. माझ्याकडेही तसंच आहे,” ती बाई इंग्रजीत म्हणाली. मग म्हणाली, “तुमच्या पत्नी गेल्याचं ऐकून वाईट वाटलं. आय ॲम सो सॉरी.”

शरयूताईंनी आभार मानले, फोन बंद केला, तो शांतपणे उशीवर ठेवला. “ऐकलंस?” त्या म्हणाल्या. “चार वर्षांत असं म्हणणारं पहिलं माणूस.” आणि मग त्या पलंगावरून खाली सरकल्या, जमिनीवर बसल्या आणि रडायला लागल्या. हुंदके नाहीत, स्फुंदणं नाही, अगदी मोकळा गळा काढून. हेमा, हेमा, अशा हाका मारत. मी त्यांना इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. मी धावत जाऊन आधी खिडकीला हात घातला.

“लावू नकोस ती!” त्या ओरडल्या. “नवरा गेल्यावर बाई रडते, तेव्हा कुणी उठून खिडकी लावतं का गं?”

मी हात मागे घेतला. आवाज ऐकून पलीकडच्या खोलीतल्या दोन मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. दोघी केरळच्या, देरातल्याच कुठल्याशा ऑफिसात कामाला. “क्या हुआ आँटी को?” थोरलीने मला विचारलं. मी शरयूताईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे पुसले नाहीत, फक्त मान हलवली, सांग म्हणून.

“इनकी बीवी नहीं रहीं,” मी म्हणाले.

त्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग थोरलीने दाराशी चपला काढल्या, आत आली, आणि शरयूताईंच्या शेजारी जमिनीवर बसली.