जर्मन पेपराच्या इमारतीतली बैठक

गराज आवरताना जुन्या कागदांचा कोंदट वास आला, की मला ती इमारत आठवते. एके काळी तिथून इथल्या जर्मन लोकांचं वर्तमानपत्र निघायचं. दारावर त्यांची अक्षरं दगडात अजून होती. भाडं कमी म्हणून परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाची बैठक मीच तिथे ठरवली. दिवाळी अंक छापायचा की छपाई बंद करून नुसता ऑनलाइन काढायचा, एवढाच प्रश्न होता. बाहेर बर्फ होतं आणि आत हीटर धड चालत नव्हता. जिन्यापाशी टाकून द्यायला काढलेले जर्मन पेपरांचे गठ्ठे होते. अंकाचे संपादक काका आत येताना त्यांचा पाय एका गठ्ठ्याला लागला. सवयीने वाकून त्यांनी कागदाला हात लावला आणि नमस्कार केला. त्यांना घेऊन आलेली मुलगी हसली. “बाबा, इट्स ट्रॅश! हे आता कोण वाचणार?” काकांनी विचारलं, “आणि आपला अंक? तू वाचतेस?” “यू नो आय कान्ट, बाबा.” मत घेतलं तेव्हा छपाई बंद करण्यासाठी पहिला हात काकांचाच वर गेला, मग आमचे सगळ्यांचे. निर्णय व्यवहाराचा होता, मी आजही तेच म्हणेन. आता दर दिवाळीला मी अंकाची लिंक पाठवते. ती किती जण उघडतात ते मला दिसतं. काका विचारत नाहीत, मीही सांगत नाही.