अकरा माणसांचं वजन

अकरा पुरुषांनी भरलेल्या गाडीत मी बाळंतकळा सोसल्या.

ज्यांनी ते अकरा जण गाडीत बसवले, ते माझे धाकटे दीर बापू भाऊजी आज सकाळी कुंडलच्या घरी वारले.

आणि मी त्यांना सत्त्याहत्तर वर्षं माफ केलं नव्हतं.

(मी सांगतेय, नातसून टाइप करतेय.)

नव्व्याण्णव वर्षांचे होते. काल संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर चांगले बोलले. "कवा येतासा, वैनी?"

मी "बघू" म्हणाले आणि फोन नातवाच्या हातात दिला. नेहमी असंच करायचे मी.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढचा उन्हाळा. मी अठरा वर्षांची. मालक फौजेत, काश्मीरला. भाऊजी महायुद्धावरून परत आलेले, तिथं गाड्या दुरुस्त करायचे. फौजेनं लिलावात काढलेली एक थोरली स्टेशन वॅगन त्यांनी घेतली होती. सांगलीच्या पेठेत गुळाच्या ढेपा न्यायच्या म्हणून साताऱ्याच्या मिस्त्रीकडून मागच्या स्प्रिंगला दोन जादा पोलादी पाटे घालून घेतले होते.

माझं पहिलंच बाळंतपण. दुपार झाली तरी सुटका होईना.

सुईण सासूबाईंना म्हणाली, "प्वार आडवं हाय. माज्या हातचं न्हाई आता. सांगलीला हलवा."

आगगाडी संध्याकाळची. भाऊजींनी मला गोधडीसकट उचललं आणि गाडीत मागं निजवलं. सासूबाई उशाशी बसल्या.

गाडी निघाली आणि पहिल्याच खड्ड्यात मी पाठीखालून उडाले. दुसऱ्या खड्ड्यात अशी किंचाळले की माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

पारापाशी गाडी थांबली. भाऊजींचा आवाज ऐकू आला.

"चढा रं! आनी या! अंगानं दणकट आसंल त्यो आदी चढा!"

भराभर माणसं चढली. एकावर एक, दाटीवाटीनं.

सासूबाई कडाडल्या, "बापू, आरं लाज हाय का? पोरीचे हाल बघायला गाव भरतोस व्हय?"

"आई, बोलू नगंस. येळ न्हाई."

एवढंच. दुसरा शब्द नाही.

त्या अकराही जणांनी माझ्याकडं पाठ केली होती, हे खरं. दोघांनी मधे घोंगडं धरलं होतं, हेही खरं. पण माझं कण्हणं त्यांच्या कानावर पडत होतं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं.

येरळेच्या पात्रात गोट्यांचा रस्ता आला. गाडी हळू झाली तसे दोघे उतरायला निघाले.

"कुनी उतरायचं न्हाई!" भाऊजी ओरडले. "बसा जाग्यावर!"

सांगलीच्या दवाखान्यात सुमन झाली. मी वाचले, तीही वाचली.

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "आणखी थोडे हिसके बसले असते तर दोघीही हाताला लागल्या नसत्या. रस्ता बरा होता वाटतं?"



गावात परत आले. अकरा घरांत माझी गोष्ट गेली होती. कुणी मला काही बोललं नाही, पण मी विहिरीवर मान वर करून गेले नाही कित्येक महिने.

बारशाला भाऊजी पाळण्याजवळ आले. "वैनी, त्या दिशी..." एवढं म्हणाले.

मी उठून आत गेले.

त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पुढं आम्ही साताऱ्याला राहायला आलो. सणावाराला भेटायचो. मी ताट वाढायचे, बोलायचे नाही.

आज सकाळी निरोप आला आणि नातू रोहित मला त्याच्या नव्या मोठ्या गाडीतून कुंडलला घेऊन निघाला.

कराडच्या पुढं रस्ता खणून ठेवलाय. तरी पाणी पितानाही माझ्या हातातलं भांडं हिंदकळलं नाही. मी तसं म्हणाले.

माझं मन दुसरीकडं लागावं म्हणून असेल, तो सांगत बसला. कॉइल स्प्रिंगवाली घ्यायची की एअर सस्पेन्शनची, यात त्याचे तीन महिने गेले. हिच्यात हवेच्या पिशव्या आहेत म्हणे. आत किती माणसं आहेत ते बघून गाडी आपली आपण नरम-कडक होते.

मी म्हणाले, "गुळासाठी जादा पाटे घातलेली तुझ्या बापू आजोबांची गाडी लय आदळायची. त्यात मला दवाखान्यात नेताना अकरा माणसं कोंबलेली."

"कोंबली म्हणून कमी आदळली असेल, आजी."

"म्हणजे?"

"पाट्यांची गाडी ना? त्यात गुळाच्या ओझ्यासाठी जादा पाटे घातलेले. अशी गाडी रिकामी असली की दगडासारखी उडते. पोटात वजन असलं की मऊ चालते."



"मग पोती का नाही टाकली?"

"पोती भरायला वेळ लागतो. माणसं आपली आपण चढतात."

"गाडी बाजूला घे," मी म्हणाले.

रोहित घाबरून विचारत होता, "आजी, छातीत दुखतंय का? डॉक्टरकडं जाऊ?" पंचाण्णव वर्षांच्या माझ्या आयुष्याची एक बाजू कुणीतरी धाडकन उलटी करून ठेवली होती.

दणकट असेल तो आधी चढा.

कुणी उतरायचं नाही.

सगळं माझ्या कानांनी ऐकलं होतं मी.

कुंडलला पोचलो तेव्हा भाऊजींना ओसरीवर ठेवलं होतं. सुमन सांगलीहून आधीच आली होती, काकांच्या उशाशी बसली होती.

आमच्यात थोरल्या वहिनीनं दिराच्या पाया पडायचं नसतं.

मी पडले. डोकं टेकलं, आणि बराच वेळ उचललं नाही.

सुमन दचकून म्हणाली, "आई, हे काय?"

मी म्हणाले, "बस. तुला सांगते."

आणि सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं सांगितलं.

भाऊजी, तुमच्या वैनीचा तुम्हाला मनापासून नमस्कार. निवांत जावा.