मुकादमांचे कान

मुकादमांबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. ऑफिसातली जुनी माणसं भेटली की विचारतात, "मुकादम एकदम कुठं गेले हो?" मी म्हणतो, "वय झालं होतं. कानानं कमी ऐकू यायचं. गेले गावाकडं." हे खोटं आहे. ते आधी मी लिहिलं आणि मग इतक्यांदा बोललो की सगळ्यांना खरं वाटू लागलं.

बागेत झाडं लावताना तुम्ही पाहिलं असेल. आधी चुन्याच्या फक्कीनं खूण करतात, मग खड्डा खणतात. आमचे मुकादम या दोन्हींच्या मध्ये उभे राहायचे. हातात लोखंडी पहार. "थांबा, हिला इचारू," म्हणायचे, पहार तीनदा जमिनीवर आपटायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे. मुरमाचा आवाज कोरडा, काळ्या मातीचा दबका, असं ते सांगायचे. आम्हाला सगळे सारखेच.

गारखेड्यातल्या एका बंगल्याच्या मालकांना फाटकाला लागूनच आंबा हवा होता. मुकादम म्हणाले, "इथं नगं. खाली नळी हाय."

"घर मी बांधलंय का तुम्ही?" मालक तडकले.

"तुमीच बांधलं, मालक. पन नळी पलंबरनं टाकली."

मालकांनी हट्टानं खणायला लावलं. हातभर खाली नळी निघाली. मुकादम हसले नाहीत. त्यांनी नळीवर माती लोटली आणि रोप उचलून चार पावलं पलीकडं नेलं.

आमचं ऑफिस लँडस्केप आर्किटेक्टचं. ऑफिसच्या प्रमुख मॅडम संगणकावर बागेचं चित्र करायच्या तेव्हा मुकादम मागं उभे राहून बघायचे. "लई भारी झाड आलंय मॅडम. पानी नाय, खत नाय, अन् एक पान पिवळं नाय." सगळ्यात जास्त मॅडमच हसायच्या.

मग ते भागीदारीचं आलं. बाहेरच्या काही गुंतवणूकदारांनी मिळून एक जाळं उभं केलं होतं. लहान शहरांतली चांगली ऑफिसं ते त्यात भागीदार म्हणून घ्यायचे. पैसा त्यांचा, आणि त्यांच्या गृहप्रकल्पांची कामं आपल्याला. त्यांचा एक माणूस महिनाभर आमच्याकडं येऊन प्रत्येकाच्या टेबलाशी बसला. हे कोण करतं, याच्याशिवाय चालेल का, असं विचारायचा. मी ऑफिसचा व्यवस्थापक, साठीला टेकलेला. तो माझ्या टेबलाशी बसला त्या दिवशी समोरचा पाण्याचा पेला मी उचललाच नाही.

करमाडच्या अलीकडं एका वसाहतीची बाग आमच्याकडं होती. रस्ता रुंदीकरणात जाणारा एक जुना कडुनिंब मुळांसकट आणून मधोमध लावायचा आणि भोवती दगडी पार बांधायचा. जाळ्याची माणसं हा पार बघायला येणार होती. तो पसंत पडला तर करार.

मुकादमांनी तिथं पहार आपटली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा अगदी हळू, झोपलेलं जनावर जागं होऊ नये तशी. त्यांचा चेहरा उतरला.

"सायेब, खाली पोकळ हाय. हीर असंल, बुजवलेली."

"मुकादम, दौरा तोंडावर आलाय. आता पार हलवायचा म्हणजे अख्खा नकाशा बदलावा लागेल."

"मग बदला की. हीर काय हलायची नाय."

"बरं, मॅडमशी बोलतो मी," असं म्हणून मी ऑफिसात आलो आणि त्या जमिनीचा जुना सातबारा काढला. विहीर होती. एका ओळीत, स्पष्ट. मी कागदाची घडी घातली, खालच्या खणात ठेवली, कुलूप लावलं. मॅडमना काहीच सांगितलं नाही. मला दुसरं काही सुचत नव्हतं, फक्त जाळ्याचा तो माणूस पुन्हा टेबलाशी येऊन बसलेला दिसत होता.

मुकादमांना म्हणालो, "सातबारा पाहिला. विहीर नाही."

त्यांनी कानात बोट घालून हलवलं. "मग माजंच कान बिघडलं म्हनायचं," म्हणाले. आणि त्यांनी झाड लावलं.

दौऱ्याच्या दिवशी पाहुणे फोटोसाठी पारावर चढले. मॅडमही चढल्या. "तुम्हीही या ना!" त्यांनी मला हाक मारली. मी म्हणालो, "मी फोटो काढतो." कॅमेऱ्यातून मला चेहरे दिसत नव्हते. नुसते बूट आणि चपला दिसत होत्या. मुकादम दूर कुंपणाशी उभे होते, पहार छातीशी धरून. पाहुणे उतरले तेव्हा त्यांनी श्वास सोडला, तो मला इतक्या लांबून दिसला.

करार झाला. पेढे वाटले. आठवड्यानं मुकादम आले.

"सायेब, कागद काय बी म्हनू द्या. वाजतंय तिथं."

"दुसरी कामं नाहीत का तुम्हाला?"

त्यांनी बाभळीच्या काटेरी फांद्या आणून पारावर पसरल्या. वॉचमन काढायचा, हे परत टाकायचे. वसाहतीतून तक्रार गेली, की एक म्हातारा बायका-पोरांना पारावर बसू देत नाही. जाळ्याकडून मला विचारणा आली. मी उत्तर लिहिलं: 'वयामुळे कमी ऐकू येते. त्यामुळे भलत्या शंका घेतात.' कानांचा शब्द मुकादमांनीच माझ्या हाती दिला होता. मी तो वापरला.

त्यांना कामावरून कमी केल्याचं मीच सांगितलं, पार्किंगमध्ये.

"माज्या कानाचं लिवलंत?"

"लिहावं लागलं, मुकादम."

"बरं. पन त्या पारावर कुनाला बसू देऊ नका. तेवढं करा."

मी तेवढंही केलं नाही.

त्या पावसाळ्यात एका सकाळी पार खचला. मी पोचलो तेव्हा कडुनिंब आडवा कलला होता आणि दगड जिथं गेले होते तिथं तळ दिसत नव्हता. रोज तिथं बसून भाजी निवडणाऱ्या दोघी वसाहतीच्या फाटकाशी उभ्या होत्या. काटे बघून त्या परत फिरल्या होत्या. वॉचमन म्हणाला, "ते म्हातारे अजून येतात ना साहेब, एस्टीनं. काल सांजच्याला टाकून गेले. मी काढायचा कंटाळा केला बघा."

त्याच्या कंटाळ्यानं दोन जीव वाचले. मी खाली बसलो. बसल्यावर वाटलं, इथंही खाली काय असेल, आणि ताडकन उठलो. तेव्हापासून फरशीवर, फुटपाथवर, कुठंही पाय टाकताना तसंच होतं.

अहवालात विहिरीचं नाव न घेता कारण लिहिलं गेलं: 'भराव नीट दाबलेला नव्हता. जबाबदार, तत्कालीन मुकादम.' खाली माझी सही आहे. त्यानंतर शहरातल्या एकाही नर्सरीनं त्यांना ठेवलं नाही. बहिरा मुकादम कोण ठेवणार? मॅडम, तुम्ही हे आज पहिल्यांदाच वाचत असाल. तो सातबारा माझ्याकडं आहे. तुमच्याकडं पाठवतो आहे. ज्या नर्सरीवाल्यांनी मला फोन करून खात्री करून घेतली होती, त्यांनीही हे वाचावं. मुकादमांना शेवटपर्यंत लख्ख ऐकू येत होतं.

निवृत्तीनंतर मी एकदा त्यांच्याकडं गेलो. पैठणच्या अलीकडं एका गावात ते लेकीजवळ राहत होते. बसमध्ये कबुलीचं सगळं वाक्य मनात जुळवलं होतं. अंगणात एकेक पाय चाचपत टाकत शिरलो.

"जय भीम सायेब! या, बसा. भिऊ नका, इथं घट्ट हाय."

ते हसले. मग विचारलं, "त्या टायमाला कुनाला लागलं तर नाय ना?"

"नाही."

"मंग झालं."

लेकीनं चहा दिला. मी पावसाबद्दल बोललो, गुडघ्यांबद्दल बोललो. ते माझ्याकडं बघत होते, मान किंचित वाकडी करून. ते वाट बघत होते हे मला कळत होतं. बसची वेळ झाली म्हणून मी उठलो.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला उशिरा कळलं. मी गेलो तेव्हा लेक अंगणात गहू निवडत होती. तिनं मला ओळखलं, सूप बाजूला ठेवलं.

"बाबा म्हनायचे, सायेब परत येतील. त्यांचं कायतरी सांगायचं राहिलंय." तिनं माझ्याकडं पाहिलं. "काय राहिलं होतं, काका?"

अंगणात आम्ही दोघंच होतो. मला कसलीही घाई नव्हती.

"काही नाही गं," मी म्हणालो. "सहजच आलो होतो."