बांबूमागची बस

कडुबा साळवेंनी तीस वर्षं एसटी चालवली, पण शहर त्यांना ओळखतं ते बांबूमुळं. दर जयंतीला मिरवणुकीतला उंच देखावा निघाला, की टोकाला बेचकं असलेला बांबू घेऊन कडुबा पुढं. रस्त्यावर लोंबणाऱ्या केबलच्या तारा ते उचलून धरतात आणि देखावा अलगद खालून जातो.

परवा एका कंपनीचे साहेब घरी आले. नव्या बसची चाचणी आहे, म्हणाले, बांबू घेऊन या. तिथंच कडुबांच्या मनात पाल चुकचुकली. बस नवी, मग बोलावणं बांबूला कशापायी?

क्रांती चौकात बस उभी होती, चार लांब पायांवर, दीड मजला उंच. माणसं वर बसणार, रिक्षा-मोटारी खालून जाणार, आणि म्हणे ट्रॅफिक संपणार! कडुबांनी चारही बाजूंनी फिरून पाहिलं.

"अन् खालच्या रिक्षानं मधीच वळण घेतलं तर?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

बस निघाली. पुढं कडुबा एकेक तार उचलत पायी, मागं बस, तिच्याखाली अन् मागं अडकलेल्या गाड्यांच्या हॉर्नचा नुसता कालवा. अर्ध्या किलोमीटरला पाऊण तास लागला. शेवटी साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा काका, उगाच शंका काढत होता. गेली ना बस?"

कडुबांनी बांबू त्यांच्या हातात दिला.

"गेली नाय साहेब, मी नेली. उद्यापासून तुम्ही न्या."