पडद्यावरचा दुसरा श्वास

या सदरातले अनुभव मी वाचतो ते त्यातली चूक शोधायला. दिवा आपोआप लागला म्हणे... वायरिंग तपासलं होतं का? माझा धंदा मिरची वाळवण्याचा. ओली किती आली, वाळून किती उरली, तूट किती — ताळा जमला नाही तर मला जेवण जात नाही. त्यात भुताखेतांना जागा नव्हती, आजही देता येत नाही. तरी लिहितोय, कारण इथे ताळा जमत नाही आणि सांगायला घरात दुसरं कोणी नाही.

मी नंदुरबारचा. गावाबाहेर मिरची पसरून वाळवतात त्या मोकळ्या जागेला आमच्याकडे पथारी म्हणतात. तशी एक पथारी मी आणि माझी बायको शोभा मिळून चालवायचो. दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन ती गेली. मुलगा नोकरीसाठी लांब असतो. मी एकटा.

पथारीवरच्या बायकांची श्वास घ्यायची एक रीत असते. नाकावर पदर बांधायचा आणि श्वास एका दमात ओढायचाच नाही. अर्धा घ्यायचा, थांबायचं, उरलेला अर्धा घ्यायचा, मग सोडायचा. त्यामुळे ठसका लागत नाही. शोभा झोपेतही तसाच श्वास घ्यायची. लग्नानंतर सुरुवातीला मी घाबरून तिला हलवून उठवलं होतं. "मी मरनू नही अजून," ती म्हणाली, "झोपा आते."

ती गेल्यानंतर काही महिन्यांनी मला खोकला सुरू झाला. पण नंदुरबारात खोकल्याला कोणी आजार मानत नाही. "मिरचीना ठसका शे," शेजारी म्हणायचे, मीही तेच म्हणायचो. थुंकीत लाल दिसलं तेव्हासुद्धा पहिला विचार मिरचीचाच आला. शेवटी उजव्या फुप्फुसात गाठ निघाली, कॅन्सरची.

सुरतच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. ऑपरेशन शक्य नाही, किरणांचे उपचार द्यायचे. पण फुप्फुस सगळीकडे सारखं काम करत नाही. काही भाग भरपूर हवा घेतो, काही नुसताच पडून असतो. रुग्ण श्वास घेत असताना एक खास स्कॅन काढला की कुठला भाग किती काम करतो ते कळतं. मग किरण पडीक भागातून गाठीपर्यंत न्यायचे आणि चांगला भाग वाचवायचा. "तुमचा चांगला भाग आधीच थोडा आहे," ते म्हणाले. "तो भाजला तर गाठ जाईल, पण तुम्हाला ऑक्सिजनची नळी लावूनच जगावं लागेल."

म्हणजे सगळं त्या स्कॅनवर होतं.

स्कॅनच्या दिवशी रफिकभाई सोबत आले. माझी मिरची घेणारे व्यापारी, जुने स्नेही. मी गाडीत रिपोर्ट काढून पुन्हा पुन्हा वाचत होतो. ते म्हणाले, "नाना, तू त्या मशीनले बी हिशोब मांगशी. ते बिचारं आजारी पडी जाई."

स्कॅनच्या खोलीतली टेक्निशियन मुलगी आमच्याच जिल्ह्यातल्या नवापूरची निघाली, त्यामुळे बोलायची अडचण नव्हती. तिने मला टेबलावर झोपवलं आणि पोटावर एक छोटी डबी ठेवली. पोट वर-खाली झालं की डबी हलते आणि पडद्यावर लाट उमटते. लाट एकसारखी आली तरच स्कॅनची चित्रं जुळतात. "शांत श्वास घ्या काका, बाकी काही करायचं नाही," असं सांगून ती काचेपलीकडे गेली.

थोड्या वेळाने मशीन थांबलं. स्पीकरवरून आवाज आला, "काका, मध्येच अडखळता का?"

"नाही."

पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबलं. ती आत आली आणि तिने पडदा माझ्याकडे वळवला. माझी लांब, संथ लाट दिसत होती. तिच्यावर स्वार झालेली दुसरी लहान लाट होती — चढ, थांबा, पुन्हा चढ, मग उतार. "एका पोटावर दोन लाटा येत नाहीत," ती म्हणाली. "असं वाटतं की..."

मी विचारलं, हृदयाचे ठोके असतील? ते यापेक्षा खूप जलद असतात, ती म्हणाली. एसीचा वारा? तिने एसी बंद केला. डबी बिघडली असेल? दुसरी आणली. मला उतरवून डबी रिकाम्या टेबलावर ठेवली तर रेघ सपाट. "टेबल नक्की हलत नाही ना?" मी विचारलं.

"काका, तुम्ही पेशंट आहात की इन्स्पेक्टर?" ती हसली खरी, पण डबी पुन्हा उचलून पाहत होती.

"आता एकदाच बघू," ती म्हणाली. "नाही जमलं तर या स्कॅनशिवाय नेहमीसारखेच किरण द्यायला डॉक्टरांना सांगावं लागेल."

मी पुन्हा आडवा झालो. पडदा दिसत नव्हता, पण तो चढ, तो थांबा मी ओळखला होता. मशीनच्या घरघरीखाली कान दिला... आणि ऐकू आलं. डाव्या बाजूला, ती झोपायची त्या बाजूला. अर्धा. थांबा. अर्धा.

भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर ते थांबू नये असंच वाटत होतं. घरात कोणाचा तरी आवाज असावा म्हणून मी टीव्ही लावून ठेवतो, आणि इथे... स्कॅन गेला तर जाऊ दे, असंही मनात येऊन गेलं. पण काम अडवून पडून राहिलेलं तिला कधीच खपलं नसतं.

मी हळूच म्हणालो, "शोभा, तू बाहेर जाईसन बस. मन्हं व्हई जाई."

"काका, बोलू नका," स्पीकर म्हणाला.

डावी बाजू शांत झाली. काही वेळाने पुन्हा आवाज आला, "आता छान येतंय. असंच राहा."

स्कॅन झाल्यावर मी कपडे चढवून घाईने बाहेर आलो. बाकाच्या एका टोकाला रफिकभाई बसले होते, बाकी बाक रिकामा. "आठे कोनी बसेल व्हतं का?" मी विचारलं. "कोनी नही. मी एकलाच." मी लिफ्टपर्यंत जाऊन आलो, जिन्यात वाकून पाहिलं.

"काय धुंडी ऱ्हायना, नाना?"

"चप्पल."

"चप्पल तर पायमा शे."

उपचार झाले. किरण पडीक भागातून नेता आले. गाठ आटली आहे, मी नळीशिवाय श्वास घेतो, पथारीवर जातो. डॉक्टर म्हणाले, डबी नीट बसली नसेल. असेल. पण डबी बदलली होती, आणि सैल डबीला तो थांबा कसा ठाऊक? आधीच्या लाटा मागितल्या तर ती मुलगी म्हणाली, खराब नोंदी आम्ही ठेवत नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "पण मी पाहिलंय, काका." यापुढे माझ्याकडे काही नाही. कोणाला कारण सापडलं तर जरूर कळवा.

तो आवाज पुन्हा आला नाही. घरीही नाही. मी तिला बाहेर बस म्हणालो होतो. परत आत ये, हे म्हणायचं राहूनच गेलं.